कोरा पाय

मास्तरांच्या उजव्या बुटाचा तळ दर चार महिन्यांनी झिजून जायचा, आणि डावा बूट मात्र आत्ताच दुकानातून आणल्यासारखा दिसायचा. कोपऱ्यावरचा मोची प्रत्येक वेळी तेच विचारायचा, "साहेब, कामावर लंगडी घालत जाता का?" मास्तर हसायचे. त्यांचं कामच तसं होतं. नव्या गाड्या बाजारात जाण्याआधी त्यांचे ब्रेक दाबून दाबून पाहायचे. हल्लीच्या गाड्यांना क्लच नसतो, त्यामुळे मास्तरांचा उजवा पाय नोकरीत असला तरी डावा केव्हाच सेवानिवृत्त झालेला होता.

शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण त्या कारखान्यात ब्रेकवर पाय ठेवायला शिकलेला प्रत्येक जण त्यांचा विद्यार्थी, म्हणून ते मास्तर. नव्या गाडीचं सगळं काम जिच्या हाती होतं ती मुख्य बाईसुद्धा पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून वहीत नोंदी घ्यायची. आता सगळे तिला मॅडम म्हणत, आणि चारचौघांत मास्तरही म्हणत.

ही नवी गाडी म्हणजे कारखान्याची लाडकी लेक होती. उंच, रुंद, आलिशान, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी विजेवर चालणारी. तिच्या अंगाचा आकार ठरवणाऱ्या माणसाला सगळे इस्त्री म्हणत, कारण गाडीवर कुठे सुरकुती दिसली की त्याला झोप लागत नसे. दाराच्या मुठी त्याने पत्र्यात लपवल्या होत्या. दार मिटल्याचा आवाज कसा यावा यावर चार महिने घालवले होते. आत लाकूड खरं, कातडं खरं, आणि मागच्या सीटवर पाय लांब केले तरी पुढच्या सीटला लागत नसत. धावायलाही गाडी कमी नव्हती. अडीच टनांचं ते धूड सहा सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठायचं, आणि विजेवर असलं की इतकं गुपचूप चालायचं की फाटकावरचा पहारेकरी दोनदा दचकून बाजूला झाला होता.

ब्रेक मात्र मास्तरांचे. या गाडीला ब्रेक दोन तऱ्हेचे होते. पाय हलकेच ठेवला की विजेची मोटर उलटी राबायची, गाडीचा वेग खायची आणि त्याची वीज करून बॅटरीत भरायची. पाय जोरात दाबला की नेहमीच्या चकत्या चाकाला धरायच्या. या दोघींनी एकमेकींच्या हातात काम कधी द्यायचं ते आतला संगणक ठरवायचा. चालवणाऱ्याला त्यातलं काही कळता कामा नये, एवढीच अट. त्या एका अटीसाठी मास्तर अकरा महिने त्या गाडीत बसले होते.

कारखान्यात एक नियम होता. शेवटची चाचणी अशा माणसाने करायची, ज्याचा पाय त्या गाडीला महिनाभर लागलेला नाही. त्याला म्हणत कोरा पाय. पाय हा फार गुणी नोकर असतो, मालकाला न विचारता जुळवून घेतो. गाडीत काही वाकडं असेल तर पहिल्या दिवशी कळतं, दहाव्या दिवशी थोडंसं कळतं, आणि महिन्याने कळेनासंच होतं, कारण तोवर पायाने ते सांभाळून घ्यायला सुरुवात केलेली असते. हा नियम मास्तरांनीच केला होता आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोच शिकवला होता.

आणि मोडलाही त्यांनीच. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणायचं?

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कोरा पाय होता मास्तरांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. तोही त्याच खात्यात, पण वर्षभर ट्रकच्या कामावर होता. बाकी सगळ्यांचे पाय त्या गाडीला लागून गेलेले. चाचणीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, आईच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलात आणलंय. आई म्हणजे मास्तरांची सासू. मास्तर म्हणाले, "तू तिच्याजवळ बस. इथलं मी बघतो." संध्याकाळपर्यंत कागद गेला नसता तर गाड्या बनवायचं काम महिनाभर पुढे गेलं असतं. मास्तर स्वतःच गाडीत बसले आणि उतार उतरून आले. गाडी लोण्यासारखी थांबली. मग त्यांनी कोऱ्या पायाच्या रकान्यात मेहुण्याची सही केली. सही सोपी होती, दोन अक्षरं आणि खाली एक रेघ. हात किंचित थांबला होता, पण थांबून निघालाही.

सासूबाई वाचल्या. सगळे म्हणाले, देव पावला. मेहुणा रजेवर राहिला आणि कालच कामावर परतला. त्या सहीबद्दल मास्तरांनी त्याला सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू, म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

आज गाडी पहिल्यांदा बाहेरच्यांना दाखवायची होती. गाड्यांवर लिहिणारे बारा पाहुणे येणार होते, तेही सहकुटुंब, कारण ही गाडी कुटुंबासाठी आहे असं सगळीकडे छापलेलं होतं. सहा गाड्या धुऊन पुसून अंगणात लागणार होत्या. अकरा वाजता पाहुण्यांनी स्वतः त्या चालवत कारखान्याच्या मागच्या टेकडीवर न्यायच्या, आणि मग दोन किलोमीटरचा उतार उतरायचा. उतारावर बॅटरी कशी भरत जाते ते समोरच्या पडद्यावर दिसायचं. खरा देखावा तोच होता.

नऊ वाजता मेहुणा टेकडीवरच्या गोदामातून दुसरी गाडी घेऊन खाली आला आणि किल्ली हातात खेळवत मास्तरांकडे आला.

"भावजी, जरा इकडे या."

"काय रे? आई बऱ्या आहेत ना?"

"आई ठणठणीत. काल माझ्या चहाला नावं ठेवली, म्हणजे बरीच आहे. ते नाही हो. या गाडीचा ब्रेक मधेच सुटतो का?"

"सुटतो म्हणजे?"

"दुसऱ्या वळणाआधी तो खडबडीत पट्टा आहे ना, तिथे. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी, तसं झालं. क्षणभरच. मग पुन्हा धरतो. आधी वाटलं, माझीच चूक. पण दुसऱ्या गाडीतही तेच. मी सावध होतो म्हणून बरं, नाहीतर वळण चुकलंच होतं." तो ओशाळून हसला. "तुम्ही पास केलीय म्हणजे काहीतरी विचार केला असेल म्हणा. पण कोरा पाय कुणाचा होता?"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. ते म्हणाले, "बघतो मी. तू कुणाला बोलू नकोस." आवाज आपलाच आहे याची त्यांना खात्री वाटेना.

किल्ली घेऊन ते एकटेच टेकडीवर गेले. ताशी साठने उतार धरला, ब्रेकवर हलका पाय ठेवला. खडबडीत पट्टा आला, गाडी थरथरली, वळण आलं, गाडी वळली. काही नाही. पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. लोणी! तिसऱ्यांदा त्यांनी रेडिओ बंद केला, श्वास रोखला आणि सगळं लक्ष बुटाच्या तळाशी नेलं. तेव्हा त्यांना कळलं. पट्टा आला की त्यांचा पाय आपणहून गव्हाच्या दाण्याएवढा खाली जात होता. खडबडीत जागी चाक उडालं की संगणक मोटरचं काम काढून घेत होता, चकत्या यायला जराशी फट पडत होती, आणि त्या फटीत मास्तरांचा पाय आधीच हजर होता. अकरा महिने तो असाच हजर राहिला होता, मालकाला अवाक्षर न सांगता.

मास्तरांनी गाडी कडेला लावली. खिडकीबाहेर दुसरं वळण दिसत होतं. वळणाच्या कडेला वाळूचा पट्टा आणि त्याच्यापलीकडे नुसतं आभाळ. आज त्या वळणावर बारा कोरे पाय येणार होते, आणि त्यांच्या मागच्या सीटवर बायकामुलं असणार होती.

साडेनऊला ते मॅडमच्या खोलीत होते. मॅडम आरशासमोर उभी राहून भाषण पुटपुटत होती.

"मॅडम, उतार आज नको. सपाटीवरच फिरवू."

ती आरशातूनच त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "का?"

"खडबडीत पट्ट्यावर ब्रेक सोडतो. क्षणभर."

ती वळली. "कुणी सांगितलं?"

मास्तरांच्या तोंडात मेहुण्याचं नाव आलं होतं. पण मेहुण्याला इथे बोलावलं तर तो पहिलंच वाक्य बोलेल, मी ही गाडी आज पहिल्यांदा चालवली. आणि मॅडमच्या टेबलावर त्याच्या सहीचा कागद असेल. मास्तरांनी ते नाव गिळलं. "मला वाटतंय," ते म्हणाले.

"वाटतंय?" मॅडम टेबलावर टेकली. "मास्तर, अकरा महिने तुम्ही ही गाडी चालवताय. एकदाही काही लिहिलं नाहीत. वेगाच्या नोंदी मी स्वतः पाहिल्यात, रेघ कशी सरळ उतरते. आणि कोऱ्या पायाची सही आहे, तुमच्याच मेहुण्यांची. आता दीड तास आधी तुम्हाला वाटतंय?"

"एकदा माझ्यासोबत चल. दाखवतो."

ती घड्याळाकडे पाहून चल म्हणाली. अजूनही ती त्यांची विद्यार्थिनी होती, एवढंच त्यांच्या बाजूचं होतं.

आणि मग जे झालं ते कुणाला सांगितलं तर हसू यावं, पण मास्तरांना रडू येत होतं. दोष दाखवायला गेलेला माणूस दोष दाखवूच शकेना. पट्टा आला, पाय दाण्याएवढा खाली गेला, गाडी राणीसारखी वळली. "पुन्हा," मास्तर म्हणाले. यावेळी त्यांनी पाय दगडासारखा धरून ठेवायचं ठरवलं. पण डोळ्यात कचरा येताना पापणीला मिटू नकोस म्हणून सांगण्यासारखंच ते होतं. पाय गेलाच. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय थोडा वर उचलला, तर गाडी नुसतीच भरभर उतरली. मॅडम म्हणाली, "ब्रेक सोडल्यावर ब्रेक सुटणारच, मास्तर."

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मॅडमने तो पाहिला आणि तिचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाने मास्तरांचा उरलासुरला धीर गेला.

"तुम्ही दमलाय. हा कार्यक्रम होऊ दे, मग आठ दिवस घरी जा. काकूंना घेऊन कुठेतरी फिरून या. गाडी उत्तम झालीय, आणि ती तुमच्यामुळे झालीय."

पावणेअकराला पाहुणे आले. अंगणात सहा गाड्या उन्हात चकाकत होत्या आणि इस्त्री प्रत्येकीच्या अंगावरून रुमाल फिरवत होता. पाहुणे दारं उघडत होते, मिटत होते आणि त्या आवाजाला वाहवा म्हणत होते. पहिल्या गाडीच्या मागच्या सीटवर एक बाई लहान मुलाची खुर्ची बांधत होती. तिचा नवरा पुढच्या सीटवर बसून पडदा बोटाने चाळत होता. त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी अंगणातल्या फरशांवर लंगडी घालत होती.

मास्तर खांबाला टेकून उभे होते. सांगायला एकच वाक्य होतं. सही खोटी आहे, मी केली. पाच शब्द, पण तेवढ्यात अठ्ठावीस वर्षं धुळीला मिळणार होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि मेहुण्याची बेअब्रू होणार ती वेगळीच. खोट्या सहीवर नाव त्याचं, तोंडावर बोट ठेवून राहिला असेल असं लोक म्हणणार. तिकडे मेहुणा बिचारा चौथ्या गाडीची काच पुसत होता. आपण गप्प राहिलो तर कदाचित काहीच होणार नाही, बाराही जण सावकाश उतरतील, असंही मास्तरांच्या मनात येऊन गेलं. आलेल्या विचाराची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ती मुलगी त्यांच्याच समोर लंगडी घालत आली होती. डाव्या पायावर. मास्तर तिच्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. उजवा झिजलेला. डावा नवाकोरा.

ते पहिल्या गाडीकडे धावले. पन्नाशी उलटलेला माणूस पाहुण्यांच्या देखत धावतोय हे पाहून इस्त्रीचा रुमाल हातातच राहिला. मास्तरांनी खिडकीतून हात घालून पाहुण्याच्या हातातली किल्ली जवळजवळ हिसकावून घेतली.

"पाच मिनिटं. माफ करा. तुम्ही सगळे चहा घ्या. चहा घ्या हो!"

मॅडम लालबुंद होऊन जवळ आली. "मास्तर, काय चाललंय हे?"

"एकदा. फक्त एकदा माझ्या शेजारी बस."

"तीनदा बसले मी! सगळे बघतायत."

"पोरी," मास्तर म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांनी तिला अशी हाक मारली नव्हती. "मी तुझ्या पाया पडतो. हवं तर उद्या मला काढून टाक. पण आत्ता बस."

त्यांचा चेहरा पाहून ती घाबरली असावी. पाहुणा खाली उतरला, त्याच्या बायकोने मुलाला उचलून घेतलं, मुलीला हाक मारली, आणि मॅडम गाडीत बसली.

टेकडीच्या माथ्यावर मास्तरांनी गाडी थांबवली. "सीटचा पट्टा नीट लाव. हँडल धर." मग त्यांनी उजवा पाय मागे ओढून सीटखाली दाबून ठेवला आणि डावा पाय ब्रेकवर आणला. तो पाय थरथरत होता. त्याला हे काम माहीतच नव्हतं. पहिल्याच स्पर्शाला गाडी इतकी गचकली की मॅडमचं डोकं पुढे गेलं.

"हे काय करताय?"

"हा पाय कोरा आहे," मास्तर म्हणाले. "याने ही गाडी कधी पाहिलेली नाही."

हळूहळू पायाला अंदाज आला. ताशी साठ. पडद्यावर बॅटरी भरत होती, हिरव्या रेघा वर चढत होत्या. मोटर वेग खात होती, सगळं गुळगुळीत चाललं होतं. पट्टा आला. चाकं थरथरली.

आणि ब्रेक गेला. अडीच टन लोखंड कुणीतरी मागून ढकलल्यासारखं पुढे निघालं. क्षण एवढासाच होता, पण डावा पाय जिथल्या तिथे मख्ख उभा राहिला आणि तेवढ्यात वळण अंगावर आलं. मॅडम किंचाळली. पांढरी रेघ चाकाखाली गेली, समोर आभाळ आलं. मास्तरांचा उजवा पाय सीटखालून सुटला आणि सगळ्या ताकदीने ब्रेकवर आदळला. चकत्यांनी चाकं धरली, गाडी वाळूत शिरली, वाकडी झाली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

धुरळा खाली बसला. समोरच्या पडद्यावर एक हिरवं पान उमललं आणि त्याखाली अक्षरं आली, उत्तम चालवलंत!

मॅडमने फोन लावला. "सगळ्या गाड्या थांबवा. किल्ल्या माझ्या टेबलावर. नाही, एकही नाही. पाहुण्यांना काहीही सांगा." तिने फोन ठेवला. मग मास्तरांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही आज माणसं वाचवलीत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण कोऱ्या पायाला हे कळलं कसं नाही?"

बारा वाजता मेहुणा तिच्या खोलीत टेबलासमोर उभा होता. मास्तर बाजूच्या खुर्चीवर. मॅडमने तो कागद त्याच्यापुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

मेहुण्याने कागद पाहिला. सही पाहिली, मग तारीख पाहिली. तारखेवर त्याची नजर थांबली. तो दिवस त्याने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर काढला होता. त्याने हळूच मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण आवाज यायच्या आधी मेहुणा बोलला.

"हो. माझीच."

"आणि तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"घाई होती मला. आई हॉस्पिटलमध्ये होती. कसाबसा एक फेरा मारला आणि सही करून गेलो." त्याने कागद परत सरकवला. "माझं चुकलं."

"चुकलं?" मॅडमचा आवाज चढला. "खाली लहान मुलं होती, पाहिलीत का? यापुढे कुठल्याही कंपनीत तुमच्या सहीला कोण विचारणार आहे?"

मेहुणा मान खाली घालून उभा राहिला. अडतीस वर्षांचा माणूस, पुढे वीस वर्षांची नोकरी होती त्याची.

मास्तर गप्प होते. हे लपवण्यात अर्थ नाही, ते खरोखरच गप्प होते. सगळं किती अलगद निभावत होतं! त्यांनी आज माणसं वाचवली होती, तीन वर्षांनी हार घालून घरी जायचं होतं, आणि मेहुण्याला आपण पुढे कुठेतरी चिकटवून देऊ, असंसुद्धा मन बोलू लागलं. तेवढ्यात त्यांना जाणवलं, टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता. दाण्याएवढा. मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. या पोरानेही आत्ता तेच केलं होतं. मधे फट पडली, याने मुकाट्याने स्वतःचा दाब वाढवला, आणि मॅडमला काही म्हणता काही कळलं नाही.

"थांबा," मास्तर म्हणाले. "ही सही त्याची नाही. मी केली. तो त्या दिवशी आईच्या उशाशी होता. ही गाडी त्याने आज सकाळी पहिल्यांदा चालवली, आणि दोष सांगितला तो त्यानेच."

"भावजी..."

"तू गप्प बस."

मॅडमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दोन अक्षरांवरून आणि खालच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"कोऱ्या पायाचा नियम तुम्ही मला शिकवला होता, मास्तर. पहिल्या दिवशी."

"हो."

"मी वहीत लिहून घेतला होता. वही अजून आहे माझ्याकडे." तिने कागद उलटा करून ठेवला. "सकाळी साडेनऊला तुम्ही हे सांगू शकला असता. मी तीनदा तुमच्या शेजारी बसले."

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"यापुढे इथल्या कुठल्याही गाडीला तुमचा पाय लागणार नाही," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मास्तरांनी कपाटातून डबा घेतला, जादा बूट घेतले. ओळखपत्र फाटकावर दिलं. पहारेकऱ्याने सवयीने सलाम केला. बसने जाणार होते, पण मेहुण्याने त्याची जुनी गाडी त्यांच्यापुढे आणून उभी केली आणि आतून दार ढकललं. मास्तर त्याच्या शेजारी बसले.

मेहुणा गाडी सावकाश चालवत होता. गिअर मात्र असे टाकत होता की पेटीतून कुरकुर यावी.

"सही केलीत ती केलीत," शेवटी तो म्हणाला. "पण मला सांगायचं तरी. तीन आठवडे, भावजी! रोज संध्याकाळी आईला बघायला येत होता तुम्ही. तिच्यासमोर बसून संत्री सोलत होता."

"हो रे."

"ती सगळ्या वॉर्डाला सांगत होती, जावई असावा तर असा. त्याने तिकडचं सांभाळलं म्हणून माझा मुलगा माझ्याजवळ राहू शकला. आजही दारात वाट बघत बसली असेल. काय सांगू मी तिला?"

मास्तरांनी तोंड फिरवून काचेकडे पाहिलं. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी बाहीने पुसले. पुढे रस्ता उखडलेला होता आणि त्याच्यापुढे चौक होता. गाडी खडखडली. मेहुण्याच्या लक्षात आलं, शेजारच्या सीटपुढच्या चटईवर मास्तरांचा उजवा बूट घट्ट रोवलेला आहे. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता.

"पाय उचला, भावजी," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण निम्माच उरला होता. "ही गाडी मी चालवतोय."

मास्तरांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. चौक गेला, पुढचाही गेला, घर आलं, तरी तो उचलला गेला नाही.